ताईचा पाचवा गिअर

गाडी या विषयावर मी कधी लिहीन असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आमच्या घरी गाडीचं खातं ‘ह्यां’च्याकडे. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, दहावीला गणितात काठावर पास. गाडीत बसायचं, काच खाली करायची आणि घाट आला की लिंबू हुंगायचं, एवढाच माझा मोटारविद्येशी संबंध. पण २०२३ च्या उन्हाळ्यात दोन महिने माझ्या मावसबहिणीकडे अमेरिकेत राहिले आणि परत आले ती गिअर या विषयावर तासभर बोलू शकेन अशी होऊन. आमच्या शिवणवर्गातल्या मुली अजून हसतात मला!

ताई मिशिगन राज्यात राहते, डेट्रॉइट शहराच्या जवळ. मोटारींचं गावच ते. दाजी तिथे इंजिनिअर होते. २०२१ मध्ये ते गेले. मुलगा लांब दुसऱ्या राज्यात, मुलगी शिकागोला. एवढ्या मोठ्या घरात ताई एकटी, म्हणून मी गेले होते.

घराला जोडून गॅरेज. त्यात ताईची रोजची गाडी, आणि शेजारी कापडाखाली झाकलेली दुसरी. पहिल्याच दिवशी ताईनं कापड बाजूला केलं. लांबलचक, बसकी, मेंदीच्या रंगासारखी गडद लाल गाडी. शेव्हरोले कंपनीची शेव्हेल एसएस ३९६, सन १९६७. दाजींनी जुनी घेतली आणि वीस-बावीस वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली.

मैत्रिणींनो, अशा गाड्यांना तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायू. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलंमोठं इंजिन बसवायचं आणि तरुण पोरांना विकायची, अशी टूम १९६० च्या दशकात अमेरिकेत निघाली. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून ती सुरू झाली असं साधारण मानतात. ताईच्या गाडीचं इंजिन साडेसहा लिटरचं. आपली जुनी मारुती ८०० आठवते ना? तशा आठ मारुत्यांची इंजिनं एका बॉनेटखाली! पण एवढ्या दांडग्या गाडीला गिअर किती? चारच.

आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

दाजी ती गाडी गावातल्या गावात फिरवायचे. ऑगस्टमध्ये तिकडे वुडवर्ड नावाच्या मोठ्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ मध्ये मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी निधी गोळा करायचा म्हणून ती सुरू झाली. (आपल्याकडे शाळेच्या खोल्यांसाठी नाटक बसवतात तसं!) दाजी दरवर्षी त्या जत्रेला जायचे. पण हायवेवर गाडी कधी काढली नाही. ताईला मात्र ती शिकागोला न्यायची होती, लेकीकडे. अंतर साडेचारशे किलोमीटर. एकदा ती थोडं अंतर नेऊन परतही आली. कान बधिर आणि डावा गुडघा सुजलेला.

मुलाचा फोनवर एकच धोशा, ‘‘आई, विकून टाक. तुला ती झेपणार नाही. नाहीतर निदान ऑटोमॅटिक करून घे.’’

ताई मला म्हणाली, ‘‘अगं, त्याला माहीतच नाही. मी सोलापूरला बाबांच्या फियाटवर शिकले. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर होता तेव्हा. हा शाळेतही जात नव्हता, तेव्हाही मी गाडी चालवतच होते. मला गिअर हातानंच टाकायचाय.’’

तिला हवा होता पाचवा गिअर. ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात त्याला.

हे ओव्हरड्राइव्ह प्रकरण मला आधी काही केल्या कळेना. ताईनं दोनदा समजावलं, मी दोनदा मान डोलावली. तिसऱ्यांदा मला आपलं शिवणयंत्र आठवलं. पायाचं मशीन डोळ्यांपुढे आणा. खाली मोठं चाक, वर लहान. पट्टा जोडलेला. खालचं चाक एकदा फिरलं की वरचं तीन-चार वेळा फिरतं. पाय थोडा, सुई जास्त! आणि विहिरीवरच्या रहाटाचं उलट. तिथे हात खूप फिरवायचा, दोर हळू वर येतो, पण घागर भरलेली असते.

गाडीचा पहिला गिअर म्हणजे रहाट. ताईच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचे २.५२ फेरे झाले की मागच्या शाफ्टचा एक फेरा व्हायचा. जोर खूप, वेग कमी. दुसरा १.८८, तिसरा १.४६ आणि चौथ्यात एकास एक. पुढे काही नाही. ओव्हरड्राइव्ह म्हणजे एकाच्याही खाली जायचं, शिवणयंत्रासारखं. इंजिनाचा ०.६८ फेरा आणि शाफ्टचा पुरा एक. चाकं तेवढीच फिरणार, इंजिन मात्र निवांत.

मग त्या काळी पाचवा गिअर दिलाच का नाही? कारण पेट्रोल फार स्वस्त होतं. १९६७ मध्ये गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर, एक तृतीयांश डॉलरच्या आसपास मिळायचं. पुढे १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल अडवलं आणि १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेनं देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली. मग सगळ्यांना अक्कल आली. पाच गिअर हळूहळू रोजचे झाले. तोवर ताईची गाडी जुनी झाली होती.

पहिल्या गॅरेजचा किस्सा सांगते. मोठं झकपक दुकान. काउंटरवरच्या माणसानं ताईला आधी विचारलं, ‘‘गाडी मिस्टरांची का?’’ ते नाहीत म्हटल्यावर, ‘‘मग मुलाला फोन करायला सांगा.’’ बघा, अमेरिका असो की बार्शी! मग त्यानं सहा गिअरचा सगळ्यात महाग गिअरबॉक्स सुचवला. जेवढे गिअर जास्त तेवढं चांगलं, असा हिशेब. तो मोठा असतो, म्हणून पुढच्या दोन सीटांच्या मधे जमिनीला जो उंचवटा असतो तो कापून वर घ्यावा लागेल, असंही जाता जाता सांगितलं. भाकरीचा तुकडा मोडावा इतक्या सहज. ताईचा चेहरा मी पाहिला. काही न बोलता तिनं किल्ली उचलली.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर तिनं दाजींची वही काढली. गाडीत पेट्रोल भरल्याची प्रत्येक तारीख, मैल, गॅलन. सरासरी गॅलनला १२ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ५ किलोमीटर. त्याच वहीत पहिल्या पानावर टायरचा व्यास २६ इंच आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.५५. म्हणजे शाफ्टचे ३.५५ फेरे, तेव्हा चाकाचा एक. ताई म्हणाली, ‘‘बस्स, एवढंच पाहिजे.’’

हिशेब असा. मैलांचा वेग गुणिले डिफरन्शियलचं गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास. (३३६ कुठून आले? एका मैलात ६३,३६० इंच. त्याला ६० मिनिटांनी आणि मग पायनं, म्हणजे ३.१४ नं भागा. मी स्वतः भागून पाहिलं हं!) ताशी ७० मैलांना इंजिनाचे मिनिटाला ३२०० फेरे आले. कान का बधिर झाले ते कळलं. आता त्याला ०.६८ नं गुणा, २२०० च्याही आत. एक हजार फेरे कमी, दर मिनिटाला! शिकागोपर्यंत चार तास धरले तर दोन लाख चाळीस हजार फेरे वाचले. माझ्याच अंगावर काटा आला.

पण निवड एवढ्यावर होत नाही, हे दुसऱ्या गॅरेजमध्ये कळलं. तिथला मिस्त्री सत्तरी ओलांडलेला, हात तेलात. त्यानं एकही वस्तू दाखवली नाही. आधी विचारलं, ‘‘कुठे चालवणार?’’ शर्यत लावणार का, गावात किती, हायवेवर किती, ट्रेलर ओढणार का. मग ताईनं आपला कागद पुढे केला. त्यानं चष्मा लावून तो वाचला आणि स्टूल ओढून बसला. त्या क्षणापासून तो ताईशीच बोलला.

त्याचा पहिला मुद्दा ताकदीचा. या इंजिनाचा जोर ४१० फूट-पौंड. म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला ४१० पौंड, आपले १८६ किलो, टांगल्यावर जो पीळ बसेल तो. ज्वारीची जवळजवळ दोन पोती! बाजारात स्वस्त मिळणारा पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स आहे, टी-५ नावाचा. १९८० च्या दशकातल्या मस्टँगमधून निघालेले खूप सापडतात. पण तो साधारण तीनशेपर्यंतच्या जोरासाठी. लहान इंजिनाच्या गाडीला उत्तम, इथे दाते तुटणार. स्वस्तातलं घेऊन दोनदा खर्च करण्यात अर्थ नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मिक्सर घेताना हाच अनुभव.

दुसरा पर्याय जुना गिअरबॉक्स तसाच ठेवून त्याच्या मागे वेगळं ओव्हरड्राइव्ह जोडायचं. त्यानं फेरे ०.७८ पट होतात, म्हणजे २५०० च्या आसपास. वाईट नाही, आणि मूळ वस्तूला हात लागत नाही. ताई इथे बराच वेळ अडली. तिसरा पर्याय आणखी स्वस्त. गिअर राहू द्यायचे, डिफरन्शियलचेच दाते बदलायचे. पण मग सगळेच गिअर ‘लांब’ होतात आणि सिग्नलला गाडी जड निघते. एका बाजूनं पदर ओढला की दुसरी बाजू उघडी!

उरले दोन, दोन्ही ट्रेमेक कंपनीचे. ही मेक्सिकोतली कंपनी. पाच गिअरचा टीकेएक्स ६०० फूट-पौंडांचा, सहा गिअरचा मॅग्नम ७०० चा. चारशे दहाला दोन्ही भरपूर. सहाव्या गिअरसाठी जमीन कापायची. टीकेएक्स मात्र अशा जुन्या गाड्यांत कमीत कमी कापाकापीनं बसावा म्हणूनच आटोपशीर केलेला. ‘‘सहावा गिअर तुम्ही कधी टाकाल?’’ मिस्त्रीनं विचारलं. मॅग्नमच्या एका प्रकारात तो ०.५० चा असतो. ताईनं तिथल्या तिथे गुणलं. ७० मैलांना १६०० फेरे. मिस्त्री म्हणाला, एवढ्या हळू फिरवलं की हे इंजिन कुथायला लागेल, चढ आला की खालचा गिअर टाकावाच लागेल. जास्त म्हणजे चांगलं नव्हे, हे मला त्या दिवशी आकड्यांत दिसलं.

टीकेएक्समध्येही प्रकार आहेत. एकाचा पहिला गिअर ३.२७ आणि पाचवा ०.७२. दुसऱ्यांचा पहिला २.८७, त्यांत पाचवा ०.८१ किंवा ०.६८. इथे मिस्त्रीनं एक सोपी खूण सांगितली. पहिल्या गिअरचा आकडा आणि डिफरन्शियलचा आकडा यांचा गुणाकार दहाच्या आसपास यावा. ताईच्या जुन्याचा येत होता नऊच्या जरा खाली. २.८७ चा येतो १०.२, अगदी छान. ३.२७ चा साडेअकराच्या वर, म्हणजे गाडी निघते न निघते तोच दुसरा गिअर मागणार. एवढ्या जोराच्या इंजिनाला ते नको. ठरलं, २.८७ आणि ०.६८.

आणि गुडघा? मला वाटत होतं नवा गिअरबॉक्स आला की क्लच हलका होईल. मिस्त्री हसला. जड क्लचचा आणि गिअरबॉक्सचा संबंध नाही. दोष क्लचच्या जुन्या प्लेटचा आणि पेडलच्या सांधेजोडीचा. पण नव्या गिअरबॉक्सच्या शाफ्टला २६ खाचा असतात, जुन्याला १०. त्यामुळे क्लचची चकती बदलावीच लागते. मग त्याच खर्चात थोडी भर घालून हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा क्लच करून घ्या, म्हणाला. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं! मागच्या प्रोपेलर शाफ्टचं टोकही बदलावं लागतं. म्हणून नुसत्या गिअरबॉक्सची किंमत ऐकून हुरळून जायचं नाही, पूर्ण संचाची विचारायची. ताईला सगळं मिळून सहा हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. पेट्रोलची बचत होते, पण त्यातून हे पैसे वसूल होतील असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

हो म्हणायच्या आदल्या रात्री ताई झोपली नाही. मी पाणी प्यायला उठले तर ही गॅरेजमध्ये, गाडीच्या आत, दिवा न लावता. मी शेजारी जाऊन बसले.

‘‘ह्यांना हे आवडलं नसतं,’’ ती म्हणाली. ‘‘एकदा मित्रानं पाचवा गिअर सुचवला तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मूळ गिअरबॉक्सवर गाडीचा नंबर कोरलेला आहे. तो काढला की किंमत उतरते. पोरगा तेच म्हणतो. खोटं नाही ते.’’

मी काय बोलणार? समाजकार्य करताना दहा बायकांना दहा सल्ले देते मी. तिथे गप्प बसले.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, ‘‘पण ते हिला शिकागोला कधी नेणारच नव्हते गं. मी नेणार आहे.’’

सकाळी तिनं फोन केला. मुलगा दोन आठवडे नीट बोलला नाही. त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणवत नाही. वडिलांची वस्तू होती ती.

बसवायला आठवडा लागला. मिस्त्रीनं आम्हाला एक गोष्ट मुद्दाम दाखवली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे घंटेच्या आकाराचं झाकण असतं, बेलहाउसिंग. ते इंजिनाच्या मध्याशी जुळतंय का हे डायल गेज लावून पाहावं लागतं. फरक चालतो ०.००५ इंच, म्हणजे केसाच्या दोन जाडींएवढा. पुष्कळ जण हे मोजतच नाहीत, मग गिअर खरखरले की गिअरबॉक्सला शिव्या. गॅरेज निवडताना ‘तुम्ही हे मोजता का’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं, असं तो म्हणाला. ताईनं ते वहीत लिहून घेतलं, दाजींच्या पेट्रोलच्या नोंदींच्या खाली.

जुना गिअरबॉक्स तेल लावून, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवला. वर तारीख घातली. उद्या कुणाला गाडी पुन्हा होती तशी करायची असेल तर सगळं जागेवर आहे. जमिनीला कुठे करवत लागलेली नाही.

पहिले पाचशे मैल जपून चालवायचे होते. मी परतायच्या आधी आम्ही दोघी हायवेवर गेलो. चौथ्यात गाडी भणभणत होती. ताईनं क्लच दाबला, दांडा उजवीकडे वर सरकवला, आणि आवाज एकदम खाली बसला, शिट्टी झाल्यावर गॅस बारीक करावा तसा. आम्ही बोलू शकत होतो. बोललो मात्र नाही. दांड्याची मूठ तिनं जुनीच ठेवली होती. तिच्यावर अजून चारच आकडे आहेत. ५५ मैलांच्या खाली पाचवा टाकायचा नाही, हे मिस्त्रीनं बजावलेलं ती मध्येच पुटपुटली तेवढंच.

सप्टेंबरात ती शिकागोला गेली, एकटी. लेकीच्या दारात हॉर्न वाजवून मला फोन केला. गॅलनला साडेपंधरा मैल पडले म्हणाली, वहीत लिहिलेत. गुडघा ठीक.

परवा पुन्हा फोन आला. म्हणे, ‘‘गाडी आता पळते खरी, पण ब्रेक अजून १९६७ चेच आहेत. ड्रमचे. ट्रक पुढे थांबला की पोटात गोळा येतो. पुढच्या चाकांना डिस्क बसवायचा विचार करतेय. कागद-पेन्सिल घे, आकडे सांगते.’’

मागून मुलाचा आवाज आला. दिवाळीला आला होता तो. ‘‘आई, परत?’’

‘‘तू पण घे कागद,’’ ताई त्याला म्हणाली.